'द सेन्स ऑफ ॲन एन्डिंग': शेवट नेमका काय, आणि 2011 चं बुकर याला का?

घणसोली_लोकल

या धाग्यात कथानक पूर्ण उघड होणार आहे. ज्यांना कादंबरी वाचायचीय त्यांनी आधी वाचा, मग या.

आमच्या ऐरोलीच्या वाचनगटात या महिन्याला ज्युलियन बार्न्सची 'द सेन्स ऑफ ॲन एन्डिंग' आहे आणि चर्चेची सुरुवात मला करायचीय. सिनेमा मी आधीच पाहिला होता. 2017 सालचा, दिग्दर्शक रितेश बत्रा. 'द लंचबॉक्स' त्यांचाच, त्या ओढीने पाहिला आणि आवडला. पुस्तक आता वाचलं. जेमतेम दीडशे पानं आहेत, घणसोली ते ठाणे जाता-येता संपलं.

पहिला भाग वाचताना फार रमलो. साठच्या दशकातली लंडनची शाळा, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधणारी तीन पोरं, त्यांच्यात येऊन मिसळणारा चौथा, अतिशय हुशार एड्रियन. कथा सांगणारा टोनी. त्याची मैत्रीण व्हेरोनिका पुढे एड्रियनबरोबर जाते आणि काही महिन्यांनी एड्रियन बाविसाव्या वर्षी आत्महत्या करतो. दुसऱ्या भागात टोनी निवृत्त, घटस्फोटित. त्याला वकिलाचं पत्र येतं की व्हेरोनिकाच्या आईने मृत्युपत्रात त्याच्या नावे 500 पौंड आणि एड्रियनची डायरी ठेवलीय. डायरी व्हेरोनिकाकडे आहे आणि ती द्यायला तयार नाही.

इथपर्यंत ठीक. पण शेवट वाचून मी अस्वस्थ झालोय. व्हेरोनिका ज्या गतिमंद मंडळींकडे टोनीला नेते त्यांतला तो चाळिशीचा माणूस एड्रियनचा आणि व्हेरोनिकाच्या आईचा मुलगा, असंच ना? इंटरनेटवर काही जण छातीठोकपणे सांगतात की तो टोनीचाच मुलगा. आणि तो एड्रियनचा असला तरी टोनीचा अपराध काय? विशी-बाविशीत रागाच्या भरात एड्रियन आणि व्हेरोनिकाला एक पत्र लिहिलं, एवढंच. त्यासाठी चाळीस वर्षांनी त्याला एवढं का सोलायचं?

गटातल्या तिघांनी आधीच कळवलंय की एक म्हातारा डोक्यातल्या डोक्यात फिरत बसतो, यात बुकर देण्यासारखं काय आहे. त्यांना काय सांगू?

पुस्तकपेटी_ठाणे

बुकरचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

2011 ची निवड समिती गाजली ती पुस्तकांपेक्षा तिच्या बोलण्यामुळे. अध्यक्ष स्टेला रिमिंग्टन, म्हणजे ब्रिटनच्या एमआय फाइव्ह या गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुख. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही वाचनीयता बघणार. दुसरे परीक्षक ख्रिस मलिन, माजी खासदार, तेही म्हणाले की पुस्तक वाचताना पळत राहिलं पाहिजे. झालं, लंडनची साहित्यवर्तुळं खवळली. ॲलन हॉलिंगहर्स्ट यांची 'द स्ट्रेंजर्स चाइल्ड' अंतिम यादीत आली नाही, त्याने आणखी भर पडली. बुकरला पर्याय म्हणून नवा पुरस्कार काढण्याची घोषणा त्याच ऑक्टोबरात झाली. तोच पुढे फोलिओ पुरस्कार, 2014 मध्ये पहिल्यांदा दिला गेला.

या धुरळ्यात 50,000 पौंड बार्न्स यांना मिळाले. त्याआधी 1984, 1998 आणि 2005 असे तीन वेळा ते अंतिम यादीपर्यंत जाऊन परतले होते. 1987 मध्ये तर त्यांनीच बुकरला उच्चभ्रूंची हाउजी म्हटलं होतं. त्यामुळे काहींनी सरळ सांगितलं की हा पुरस्कार या पुस्तकाला नाही, माणसाला दिलाय. जेफ डायर यांनी त्याच डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं की पुस्तक वाईट नाही, पण अगदी सरासरी आहे.

मला ते पटत नाही. परीक्षकांनी वाचनीय म्हणून जे निवडलं ते एका बैठकीत संपतं खरं, पण संपल्यावर पहिल्या पानाकडे जावंच लागतं. असं पुस्तक सरासरी कसं? आणि लहान आकाराचा आक्षेप तर सोडूनच द्या. 1979 साली पेनेलपी फिट्झजेराल्ड यांच्या 'ऑफशोअर'ला बुकर मिळालं, ती याहून छोटी आहे.

कोर्टनाका_स्टेनो

मी ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होते, आता निवृत्त आहे. माणसं स्वतःच्या आयुष्याबद्दल शपथेवर काय सांगतात ते उतरवून घेण्यात माझी नोकरी गेली. मराठी ग्रंथ संग्रहालयाची सभासद तर मी शाळेपासून आहे, पण ही कादंबरी मी साहित्य म्हणून वाचायच्या आधी साक्ष म्हणून वाचली, आणि अजूनही तशीच वाचते. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

साक्ष कशी नोंदवतात ते बाहेर फारसं माहीत नसतं. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, पण कागदावर सहसा प्रश्न येतच नाही. न्यायाधीश ते उत्तर सलग वाक्यात सांगतात आणि आम्ही टाइप करतो. 'मी त्या दिवशी घरी होतो. माझा भाऊ संध्याकाळी आला. त्याच्याशी माझे भांडण झाले नाही.' नंतर वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस आपणहून, एका दमात बोलला. कुठे अडखळला, कुठलं उत्तर त्याच्याकडून तीनदा विचारून काढलं, ते सगळं गळून गेलेलं असतं.

या कादंबरीचा पहिला भाग म्हणजे अशी प्रश्न गाळलेली सरतपासणी, म्हणजे आपल्याच वकिलाने घेतलेली साक्ष, आहे. टोनी बोलतोय, बोलतोय, आणि फार सज्जनपणे बोलतोय. मधूनच म्हणतो की हे मला नक्की आठवत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. असा साक्षीदार कोर्टातही सगळ्यांना आवडतो. जो बारीकसारीक गोष्टीत 'आठवत नाही' म्हणतो त्याचं मोठं विधान आपण न तपासता घेतो. बार्न्स यांनी हे इतकं अचूक पकडलंय की मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

त्या पहिल्या भागात एड्रियन आणि व्हेरोनिकाला लिहिलेल्या पत्राबद्दल टोनी काय सांगतो ते काढून बघा. जेमतेम काही ओळी आहेत. आपल्याला त्या दोघांचं एकत्र येणं कसं वाटलं ते लिहिलं, एड्रियनला जपून राहायला सांगितलं, व्हेरोनिकाच्या मनावर पूर्वी कधीतरी आघात झालेला असावा असं सुचवलं, शुभेच्छा दिल्या, बस्स. वाचक पुढे जातो. आणि दुसऱ्या भागात ते पत्रच समोर येतं, व्हेरोनिकाने जपून ठेवलेलं. त्यात तो व्हेरोनिकाला घाणेरडं बोलतो, तुम्हाला मूल होऊ दे आणि काळ त्याच्यावर सूड उगवू दे म्हणतो, आणि एड्रियनला सांगतो की तिच्याबद्दल तिच्या आईलाच जाऊन विचार.

एक प्रसंग सांगते. भिवंडीकडच्या एका कुटुंबाचा वाटपाचा दावा होता. थोरला भाऊ साक्षीला उभा, वय बरंच, स्वच्छ धोतर, कुणालाही विश्वास वाटावा असा. शपथेवर सांगत होता की धाकट्याला घर सोडून जा असं मी कधीच म्हटलं नाही, उलट समजुतीचं पत्र पाठवलं होतं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी निळं अंतर्देशीय पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा मागितला. घड्या उलगडून पूर्ण वाचलं, मग परत सुरुवातीपासून वाचलं. कोर्ट थांबलं होतं. शेवटी म्हणाला, "अक्षर माझं आहे, पण मी असं लिहिणार नाही." कागदावर आलं ते एवढंच: 'पत्रातील हस्ताक्षर व सही माझी आहे.' दुसरा अर्धा भाग पुरावा नव्हता, म्हणून गेला.

तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने चाळीस वर्षं स्वतःला जी गोष्ट सांगितली होती त्यात ते समजुतीचंच पत्र होतं. 'द सेन्स ऑफ ॲन एन्डिंग' ही त्या गेलेल्या अर्ध्या वाक्याची कादंबरी आहे, असं मी मानते. टोनीही स्वतःचं पत्र वाचून हे माझं नाही असं म्हणू शकत नाही, आणि हे मीच लिहिलं हेही त्याला झेपत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपला जुना पुरावा कायदा 1872 चा. त्यात साक्षीदाराने पूर्वी स्वतः लिहिलेल्या कागदाचे दोन उपयोग होते. कलम 159 प्रमाणे तो कागद बघून त्याला आठवण ताजी करता येत होती. कलम 145 प्रमाणे तोच कागद समोर ठेवून त्याला खोडून काढता येत होतं. कागद एकच असू शकतो. बार्न्स यांनी टोनीच्या पत्राकडून दोन्ही कामं करून घेतलीत आणि क्रम बघा. आधी पत्र त्याला खोडून काढतं. मग, त्यानंतरच, त्याला खऱ्या आठवणी यायला लागतात. व्हेरोनिका कधी नाचत नसे असं त्याने आपल्याला सांगितलेलं असतं. आता आठवतं की ती एकदा त्याच्या खोलीत नाचली होती. सेव्हर्न नदीत भरतीची लाट प्रवाहाच्या उलट वर चढते, ती रात्री बघायला तो गेला होता, हे पहिल्या भागात आहे. पण त्या रात्री ती त्याच्या शेजारी होती हे दुसऱ्या भागात येतं. म्हणजे ज्या मुलीला त्याने थंड, हिशोबी, दुष्ट म्हणून आपल्यासमोर उभं केलं, तिच्याबरोबरचे चांगले क्षण त्याने जबानीतून काढून टाकले होते. पत्र वाचल्याशिवाय ते परत आले नाहीत.

घणसोली_लोकल, तुमच्या तिघांना हे दाखवा. काही घडत नाही म्हणतात ना, डोक्यातल्या डोक्यात जे घडतं ते इथे तारीखवार तपासता येतं.

मुलगा कुणाचा, याबद्दल. पुराव्यावर बोलायचं तर त्याची आई सारा, म्हणजे व्हेरोनिकाची आई, हे पक्कं आहे. त्या मंडळींना सांभाळणारा मदतनीस पबमध्ये टोनीला सांगतो की ज्या बाईंना ही मंडळी मेरी म्हणतात, म्हणजे व्हेरोनिका, ती त्या माणसाची बहीण. वडील एड्रियन, कारण त्याचं नाव एड्रियन, टोनीला त्याच्या चेहऱ्यात एड्रियन दिसतो, आणि एड्रियनने डायरीच्या पानावर माणसांच्या जागी अक्षरं घालून मांडलेलं समीकरण तसंच लागतं. टोनी बाप आहे या तर्काला त्या अक्षरांच्या खेळापलीकडे काही आधार नाही. आणि तसं असतं तर पुस्तक खूप लहान झालं असतं.

टोनीचा अपराध काय, याला मी कोर्टाच्या भाषेत उत्तर देऊ शकत नाही. एकही कलम लागणार नाही. एड्रियन सज्ञान होता, सारा सज्ञान होती. पण आईला जाऊन विचार, हे कुणी लिहिलं? डायरीचं जे एकच पान टोनीला मिळतं त्यात एड्रियन जबाबदारीची साखळी मांडतोय, आणि पान संपतं तिथे वाक्य टोनीच्या नावावर तुटतं. ते वाक्य पूर्ण झालेलं नाही म्हणून टोनी सुटला, असं ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं. मला नाही म्हणवत. साक्ष संपली की साक्षीदाराला ती वाचून दाखवायची असते आणि खाली लिहायचं असतं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' टोनीला त्याचं आयुष्य कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं.

वाशीची_वाचक

ताई, तुमचं वाचून मी कपाटातून प्रत काढली. पण माझा राग तसाच आहे आणि तो व्हेरोनिकावर नाही, लेखकावर आहे.

अंतर्मुख कादंबरीचं मला वावडं नाही. श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' माझ्या अत्यंत आवडत्या पुस्तकांपैकी आहे, 2008 चा साहित्य अकादमी मिळालेली. तिथे विचार हीच घटना आहे. इथे मात्र एक रहस्य आहे आणि ते टिकवायला एका बाईला गप्प बसवलंय. व्हेरोनिका टोनीला भेटते, गाडीत घालून त्या मंडळींपर्यंत नेते, आणि तुला काही कळत नाही, कधी कळलंच नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणते. तिने एक वाक्य उच्चारलं असतं, हा माझा भाऊ आहे, तर दुसरा भाग वीस पानांत संपला असता. खऱ्या आयुष्यात एवढं सोसलेली बाई इतकी कोड्यात बोलेल? आईने ज्याच्याशी संबंध ठेवला तो तिचा प्रियकर, त्याने जीव दिला, आणि त्या मुलाशी तिने नातं तोडलं नाही, ते लोक तिला ओळखतात, तिच्यावर त्यांचा जीव आहे. खरी कादंबरी तिच्याकडे आहे. आपल्याला मिळतो पबमध्ये बसून चिप्स जाड का कापल्या म्हणून वाद घालणारा टोनी.

आणि साराने 500 पौंड का ठेवले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घणसोली_लोकल

ताई, खूप आभार. सिनेमात मला टोनीबद्दल जास्त माया का वाटली तेही आता लक्षात येतंय. तिथे त्याचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे, मुलगी गरोदर आहे, तो तिच्याबरोबर धावपळ करतो, बाळ होतं. जिम ब्रॉडबेंटचा चेहराही तसाच मायाळू. पुस्तकात यातलं काहीच नाही. मुलगी लांब आहे, आणि घटस्फोटित बायको मार्गारेटसुद्धा एका टप्प्यावर आता तुझं तू बघ म्हणून बाजूला होते.

वाशीच्या ताईंचा मुद्दा आमच्या गटात नक्की येणार, बायका जास्त आहेत. त्याला काय म्हणाल?

कोर्टनाका_स्टेनो

वाशीची_वाचक, साराच्या 500 पौंडांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मरणाच्या दारातल्या बाईला ज्याला ती आयुष्यात एका शनिवार-रविवारी भेटली त्याला पैसे आणि डायरी द्यावीशी का वाटली, याचं कारण पुस्तकात नाही. व्हेरोनिका त्याला रक्ताचे पैसे म्हणते, तेही उत्तर होत नाही. कथानक सुरू व्हायला वकिलाचं पत्र हवं होतं म्हणून ते आलं. तो सांधा कच्चा आहे आणि दुसऱ्यांदा वाचताना जास्त कच्चा वाटतो.

पण व्हेरोनिकाच्या गप्प राहण्याबद्दल मी तिच्या बाजूने आहे. घरातली अशी गोष्ट बायका पटकन सांगत नाहीत. साक्षीला बोलावलं तरी सांगत नाहीत. कौटुंबिक दाव्यांत मी कितीतरी बायका पाहिल्या, प्रश्न विचारला की वकिलाकडे बघायच्या, न्यायाधीशांकडे बघायच्या, आणि म्हणायच्या, त्यांना सगळं माहीत आहे. त्यांना म्हणजे समोर बसलेल्या नवऱ्याला, दिराला. तो मात्र खरोखरच काही माहीत नसल्यासारखा बसलेला असायचा. ज्याने आपलं नुकसान केलं त्यालाच आपलं नुकसान समजावून सांगायचं, हे फार अपमानाचं काम आहे. व्हेरोनिका ते करायला नकार देते. ती त्याला जागेवर नेते, माणसं दाखवते, कागद देते. शब्द देत नाही. मला तिचा तो नकार अगदी खरा वाटला.

खरी कादंबरी तिच्याकडे आहे, हेही बरोबर. पण टोनीच्या तोंडून सगळं ऐकल्यामुळेच तुम्हाला ती हवीशी झाली. व्हेरोनिका ही साक्षीदार तपासलीच गेली नाही, हे वाचकाच्या लक्षात यावं अशीच मांडणी आहे.

चिप्सचा प्रसंग मात्र गटात सोडू नका. टोनी ज्या पबमध्ये त्या मंडळींची वाट बघत बसतो तिथे तो बारमनशी चिप्स बारीक कापून मिळतील का यावर बोलत राहतो. हाताने कापलेल्या म्हणजे जाड, असा तिथला नियम, आणि त्याला बारीक हव्यात. तो सभ्य आहे, चिकट आहे, आणि समोरच्याचं म्हणणं त्याच्या डोक्यात शिरत नाही. सत्य त्याला काही मिनिटांत कळणार आहे आणि त्याचं लक्ष बटाट्याच्या जाडीवर आहे. चाळीस वर्षांपूर्वी तो व्हेरोनिकाच्या घरी कसा वागला असेल ते मला या प्रसंगावरून दिसलं.

घणसोली_लोकल, चर्चेच्या सुरुवातीला तुम्ही फार बोलू नका. पहिल्या भागातल्या पत्राबद्दलच्या त्या ओळी एकाकडून वाचून घ्या आणि लगेच दुसऱ्या भागातलं पत्र दुसऱ्याकडून. मध्ये काही सांगायचं नाही.

घणसोली_लोकल

हे आवडलं. पत्र वाचायला गटात नाटकात काम केलेले एक काका आहेत, त्यांना देतो. आवाज खणखणीत आहे.

कोर्टनाका_स्टेनो

काकांना पहिल्या भागातल्या ओळी द्या. पत्र अभिनय करून वाचलं की ऐकणाऱ्याला त्यात तरुण पोराचा संताप ऐकू येतो आणि तो लगेच माफ करतो. ते कुणातरी शांत माणसाला द्या, आवाज न चढवता, प्रत्येक शब्द सारख्या वजनाने, स्वल्पविरामाला थांबत. आणि आईला जाऊन विचार, ही ओळ आली की तिथे जोर देऊ नका म्हणावं. ती बाकीच्या ओळींसारखीच जाऊ द्या. कुणाच्या लक्षात येते ते बघा.

पुस्तकपेटी_ठाणे

चर्चा झाली की इथे लिहा. तिघांपैकी कुणाचं मत बदललं का ते जाणून घ्यायचंय. माझी प्रत कुणाला हवी असेल तर नौपाड्यात येऊन घेऊन जा, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत तेवढ्या चालवून घ्या.